दारातला बाक

कुत्र्याजवळ ठेवायला शिंपीणबाई माणूस शोधू लागल्या, तेव्हा त्यांच्या नणंदेला हसू आवरेना.

"वहिनी, अगं लेकीला स्थळं बघताना एवढे प्रश्न विचारले नव्हतेस!"

"लेक बोलू शकते, वन्सं. हा बिचारा जाऊन कुणाला सांगणार?"

'हा' म्हणजे भोपळ्या. रंगाने आणि आकाराने नावाला जागलेला, आता पार म्हातारा. लेकीचं बाळंतपण परगावी, बाईंना जाणं भागच होतं. नणंदेला त्याच्या केसांनी शिंकांवर शिंका येत, म्हणून घरी येऊन राहणारं कुणीतरी हवं होतं.

पहिला आला तो दंड फुगवून. सगळं कबूल केलं, आणि बाईंनी "त्याला हल्ली दिसत नाही" म्हणताच ताडकन उठला. "आंधळा? नको बुवा, काही झालं तर माझ्या गळ्यात!" दुसरी बाई "अगंबाई, बिच्चारा!" करत जी गेली ती पुन्हा फिरकलीच नाही.

तिसरी आली ती लांब वेणीवाली मुलगी. आल्या आल्या तिने जमिनीवरच बसकण मारली. भोपळ्या शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, कापडाचे गठ्ठे यांच्यामधून वळणं घेत थेट तिच्या मांडीशी आला. कुठे धडकला नाही की अडखळला नाही. त्या घरातली वस्तू न् वस्तू त्याला पाठ होती.

"अजून किती चपळ आहे हो!" ती म्हणाली.

बाईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणाल्या, "हो, वयाच्या मानाने."

पुढे मात्र उलटतपासणी सुरू झाली. मैत्रिणींना बोलावशील का? कानाला फोन लावून बसशील का? औषध थुंकलं तर काय करशील? मुलीने हसत सगळ्याची उत्तरं दिली. तरीही बाईंचं समाधान होईना. निघताना त्यांनी मुद्दाम सोन्याचं एक कानातलं खिडकीत विसरून ठेवलं. संध्याकाळी फोन आलाच.

"काकू, तुमचं कानातलं राहिलंय इथे. कपाटात ठेवू का?"

बाईंचा जीव भांड्यात पडला. "माणूस पारखावं तर असं," असं त्यांनी लेकीला दोनदा ऐकवलं.

नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तेव्हा पुन्हा फोन आला. वेणीवाली रडत होती.

बाईंच्या दारातून अंगणात उतरायला उंच दगडी पायऱ्या होत्या. पायरीच्या तोंडाशी गिऱ्हाइकांसाठी एक बाक. भोपळ्या यायचा, बाकाच्या पायाला नाक लावायचा, थांबायचा, आणि मग एकेक पाय सांभाळून खाली टाकायचा.

"तो बाकाखालीच झोपतो, काकू, आणि तिथे ऊन येत नाही. म्हणून मी बाक खिडकीशी सरकवला. तो चालत आला आणि थांबलाच नाही हो... सरळ खाली! मी शेजारीच उभी होते. कसं कळलं नाही मला?"

बाईंना सगळं कळलं. सांगायचं ते जिभेवर आलं होतं. पण समोर लेक, व्याही, विहीणबाई. "असू दे, बाळा," त्या म्हणाल्या, "होतं असं. डॉक्टरकडे ने त्याला." जसं काही त्या तिला माफ करत होत्या.

भोपळ्या वाचला. कमरेचं हाड जुळलं, पण चाल गेली ती गेली. बाईंनी परतल्याबरोबर बाक जागेवर आणला. तो मात्र मशीनच्या पलीकडे यायला तयार होईना. त्याचा त्या घरावरचा भरवसाच उडाला होता. अंगणात आता त्याला उचलून न्यावं लागे.

"कसली निष्काळजी पोरगी!" नणंदेने गल्लीभर केलं. बाई खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिल्या.

पुढे एकदा बटणं घ्यायला गेल्या, तर दुकानात गल्ल्यामागे तीच वेणी.

"कुत्री सांभाळणं सोडलंस?"

"तुमच्या गल्लीतून कुणी बोलवेना. आणि खरं सांगू, काकू? मलाच भीती वाटते आता. शेजारी उभी असून मला दिसलं नाही म्हणजे..."

"त्याला दिसत नव्हतं," बाई म्हणाल्या. "तू यायच्या आधीपासून. मला माहीत होतं."

मुलीचा हात बटणांच्या डब्यातच राहिला. मागच्या गिऱ्हाइकाने चेन मागितली, ती तिने काढून दिली. ते गेल्यावर म्हणाली, "मी नाही म्हणेन असं वाटलं तुम्हाला?"

"हो."

"मी बाकाला हात लावला नसता. बाकी काही नाही."

"मी सांगते वन्संना. सगळ्यांना सांगते."

"सांगा."

"त्याला बघायला येशील?"

मुलीने बटणांची पुडी बांधून पुढे सरकवली. "आत्ता नको, काकू."

घरी जाण्याआधी बाई नणंदेच्या दारात उभ्या राहिल्या आणि उंबऱ्यावरूनच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मोकळं मात्र वाटलं नाही. नणंद आत जाऊन पाणी घेऊन आली.

घरी येऊन बाई दारातल्या बाकावर बसल्या. "भोपळ्या!" त्याने कान टवकारले, कसाबसा उठला, मशीनच्या पायापर्यंत आला आणि तिथेच थबकला.

"ये रे, मी आहे ना," हे अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं, आणि उठून त्याच्याजवळ जमिनीवर जाऊन बसल्या.