दुसऱ्या गाडीचे ब्रेक

"पॅडल गेलं खाली आणि वर आलंच नाही, मिस्त्री."

सिस्टरनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मिस्त्रीला आधी वाटलं, त्या कुणा पेशंटबद्दलच बोलतायत. गॅरेजच्या दारात जुन्या टायरांची चवड होती, तिच्यावर त्या बसल्या होत्या. मांडीवर औषधांची पेटी, आणि पायात एकच चप्पल. दुसरी गाडीतच राहिली होती.

"कुठं झालं?"

"घाटात. वाळूच्या ढिगाच्या अलीकडं. ढीग होता म्हणून बरं, त्याच्यावरच घातली गाडी. बंपर गेला. मी आहे."

"मग इथवर आणलीत कशी?"

"तासभर बसले. गाडी थंड झाली तसं पॅडल आपोआप वर आलं. मग पहिल्या गिअरमध्ये आणली, तापातल्या माणसाला धरून आणतात तशी."

मिस्त्री गाडीपाशी गेला आणि पुढच्या चाकाजवळ हात नेला. चाक अजून कोमट होतं.

गाडी सव्वीस वर्षांची होती. छोटी, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असलेली, आणि ते मॉडेल बंद होऊनही जमाना झाला होता. सिस्टर रोज सकाळी ती घेऊन घाट चढायच्या, वरच्या वाड्यांमधली अंथरुणाला खिळलेली माणसं बघायच्या आणि दुपारी खाली उतरायच्या. ऑफिसची जीप होती, पण ती कागदावर धावायची. बसनं गेलं तर दिवसाला दोन घरं झाली असती. सिस्टरची अकरा होती.

"मुलगी म्हणते, विकून टाक," सिस्टर म्हणाल्या. "रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली. आता मी नवी गाडी घेऊन करू काय? तुम्ही नेहमीसारखे ब्रेकचे लायनर बदलून द्या."

लायनर बदलणं मिस्त्रीच्या डाव्या हातचा मळ होता. चौतीस वर्षं तो हेच करत आला होता. आणि म्हणूनच त्याला ठाऊक होतं, की नव्या लायनरनंही काही होणार नाही. लांब उतारावर ड्रम पुन्हा तापणार, आतलं ब्रेक ऑइल उकळणार आणि पॅडल पुन्हा खाली जाणार. त्या वेळी वाळूचा ढीग असेलच असं नाही.

"हिला सपाट रस्त्यासाठी बनवलंय, सिस्टर. डोंगर तुम्ही चढायला लावलात. हिचा काही दोष नाही." त्यानं हात पुसले. "पुढं डिस्क ब्रेक बसवतो, ते वाऱ्यानं लगेच निवतात."

"हिची डिस्क मिळते?"

"हिची नाही मिळत. दुसऱ्या गाडीची बसवतो."

सिस्टरनी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "रक्तगट जुळेल?"

"तेच बघायचंय."

मिस्त्री तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. गॅरेज ते घर आणि घर ते गॅरेज. लोक त्याच्याकडे विश्वासानं गाडी टाकायचे आणि त्याचं नावही न विचारता घेऊन जायचे. पण सिस्टरच्या अकरा घरांमधलं एक घर कधीकाळी त्याचं होतं. त्याची बायको अर्धांगानं तेरा महिने अंथरुणावर होती. पहिल्या दिवशी सिस्टर तिला कुशीवर वळवायला लागल्या, तेव्हा हा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला होता.

"इंजिन उचलता ना हो?" सिस्टर म्हणाल्या होत्या. "मग इकडं या. वहिनी इंजिनापेक्षा हलक्या आहेत."

तेव्हापासून तो शिकत गेला. गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, पाठ चोळायची नाही, टिपायची, भात भरवताना मान किती उचलायची. काळवंडलेल्या बोटांनी त्यानं बायकोची वेणी घातली. ती अर्ध्या चेहऱ्यानं हसून सिस्टरना म्हणायची, "यांना सर्व्हिसिंग जमायला लागलं बघा." एकतीस वर्षांच्या संसारात ती दोघं बोलली नव्हती तेवढं त्या तेरा महिन्यांत बोलली. ती गेली तेव्हा तिच्या पाठीवर एकही व्रण नव्हता.

नंतर एकदा तो सिस्टरचे आभार मानायला मुद्दाम दवाखान्यात गेला होता. पाच मिनिटं दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ऑइल बदलायला आलंय तुमच्या गाडीचं." त्या म्हणाल्या, "बदला." त्यानं बदललं आणि परत आला.

दुसऱ्या दिवशी चाकाजवळचे भाग पोत्यात घालून तो भंगार बाजारात गेला. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराला सगळे प्रोफेसर म्हणत. डोळ्यांनी अधू झाला होता, पण लोखंडाला हात लावून तो गाडी सांगायचा. मिस्त्रीनं पोतं त्याच्यापुढं ओतलं. प्रोफेसरनं भोकांमधली अंतरं बोटांनीच चाचपली.

"याच कंपनीची पुढं व्हॅन निघाली होती. तिचं हब बसेल. डिस्कही तिचीच. पण डिस्क आवळणारा कॅलिपर माझ्याकडं नाही तिचा."

"टॅक्सीचा चालेल?"

"चालेल. पण मग तुझ्या रिमला आतून घासेल. रिमही टॅक्सीचीच ने, एक इंच मोठी."

"म्हणजे तीन गाड्या मिळून एक ब्रेक."

"आघाडी सरकार," प्रोफेसर बोळक्या तोंडानं हसला. "टिकव म्हणजे झालं."

पुढचे चार दिवस मिस्त्रीनं दुसरं काम घेतलं नाही. डिस्क लेथवर साफ करून घेतली. पॅड, सील, ब्रेकचे पाइप सगळं नवं आणलं. लोखंड जुनं चालतं, रबर चालत नाही, हा त्याचा नियम होता. सगळं जोडून झाल्यावर गाडी बाजाराच्या रस्त्यावर फिरवून पाहिली. नुसता पाय ठेवला की जागच्या जागी उभी. खूप दिवसांनी तो गाडीत एकटाच हसला.

"उद्या मी घेऊन जाते," सिस्टर म्हणाल्या.

"उद्या आधी मी जाऊन येतो."

सकाळी तो घाट चढला आणि उतरायला लागला. अर्ध्या उतारावर गाडी जड झाली. पाय ब्रेकवर नव्हता, तरी कुणीतरी मागून धरल्यासारखी ती अडखळत होती. मग जळका वास आला. त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला आणि बाटलीतलं थोडं पाणी डिस्कवर टाकलं. पाणी चर्रकन उडून गेलं.

आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पॅडलचा दाब नळ्यांत ढकलणारा मास्टर सिलिंडर त्यानं जुनाच ठेवला होता. ड्रमच्या गाडीच्या सिलिंडरमध्ये एक बारीक व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, त्यात ओढून घेणाऱ्या स्प्रिंगा असतात. डिस्कला नसतात. त्यामुळं पॅड सुटतच नव्हते, घासत राहिले होते, तापत राहिले होते. अजून दोन वळणं गेली असती तर पॅडल पुन्हा खालीच गेलं असतं.

हे त्याला माहीत होतं. उस्तादानं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. उपकार फेडायच्या घाईत तो विसरला होता.

तो कठड्यावर बसला. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली घातले. खालच्या वळणावरून एक ट्रक घुरघुरत वर येत होता. त्या जागी सिस्टर असत्या तर, यापुढं त्याचं मन जाईना.

खाली आल्यावर तो तडक दवाखान्यात गेला. सिस्टर कापसाचे बोळे करत होत्या.

"माझी चूक झाली," तो उभ्या उभ्याच म्हणाला, आणि सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, पाणी. "कालच तुमच्या हातात चावी दिली असती तर? तेरा महिने तुम्ही एक दिवस चुकला नाहीत. तुमच्यामुळं ती नीट गेली, सिस्टर. स्वच्छ, माणसासारखी गेली. आणि मी तुम्हाला..."



सिस्टरनी बोळा खाली ठेवला. "बसा." तो बसला. "नवीन असताना मी एकदा भलतंच इंजेक्शन भरलं होतं. टोचायच्या आधी काय वाटलं कोण जाणे, बाटली परत वाचली. तेव्हापासून प्रत्येक वेळी दोनदा वाचते. तुम्ही वाचलीत ना बाटली?"

"वाचली."

"मग झालं तर. आणि एक सांगू? मला कुणी चूक सांगतच नाही हो. सगळे म्हणतात, सगळं ठीक आहे, सिस्टर, तुम्ही जा. तुम्ही येऊन सांगितलंत. आता त्या गाडीत मी डोळे मिटून बसेन."

"डोळे उघडे ठेवा," मिस्त्री म्हणाला, आणि दोघंही हसली.

प्रोफेसरनं व्हॅनचा मास्टर सिलिंडर काढूनच ठेवला होता. "त्याच दिवशी सांगणार होतो. पण म्हटलं, एवढ्या मोठ्या मिस्त्रीला कोण शिकवणार?"

"शिकवत जा," मिस्त्री म्हणाला. "आता तू एकटाच राहिलायस शिकवणारा."

या वेळी त्यानं घाट तीनदा केला. प्रत्येक वेळी खाली उतरून चाकाजवळ हात धरला, मोकळं फिरतं का ते पाहिलं. चौथ्या खेपेला सिस्टर चालवायला बसल्या आणि तो शेजारी.

वर त्यांची अकराही घरं झाली. मिस्त्री बाहेर गाडीपाशी थांबला. दुपारी ती दोघं उतरायला लागली. सिस्टर बोलत होत्या, मुलीबद्दल, रिटायर झाल्यावर लावायच्या भाजीबद्दल. मिस्त्रीचे कान चाकांकडं होते. चाकं गप्प होती.

अवघड वळण संपतं तिथंच पायवाट रस्त्याला मिळते. तिथून अचानक चाऱ्याचा एक भारा रस्त्यावर आला. एवढा मोठा, की खाली फक्त दोन सुरकुतलेली पावलं दिसत होती. भाऱ्याखालच्या बाईला ना गाडी दिसत होती, ना ऐकू येत होती.

सिस्टरनी ब्रेक दाबला. गाडी न घसरता, न ओरडता, नाक किंचित खाली घालून उभी राहिली. मध्ये दोन हातांचं अंतर होतं.

बाई थांबली नाही. तिला कळलंच नव्हतं. आपल्या चालीनं ती रस्ता ओलांडत राहिली, आणि चाऱ्याची दोन-चार पाती बॉनेटवर पडली.

"हिच्या नवऱ्याचं ड्रेसिंग उद्या आहे," पावलांवरून ओळखून सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. हॉर्न त्यांनी वाजवला नाही.

मिस्त्रीनं मान हलवली. त्याच्या बाजूला पॅडल नव्हतं, तरी त्याचा उजवा पाय गाडीच्या तळाशी गच्च दाबलेला होता. भारा पलीकडच्या वाटेनं उतरून दिसेनासा होईपर्यंत त्यानं तो तसाच ठेवला. मग हळूच उचलला.