दुसरा ब्रेक

गाडी शिकवणं म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणं. लोकांना वाटतं, काय आरामाचा धंदा आहे, नुसतं बसायचं आणि पैसे घ्यायचे! या म्हणावं, बसा एक दिवस. तीस वर्षांत माझी कंबर गेली, उजवा गुडघा गेला, आणि आमची ही म्हणते, "तुम्ही झोपेतसुद्धा 'आरसा बघ, आरसा' म्हणून ओरडता." दोन गाड्या, एक टेबल, तीन खुर्च्या, हा आमचा क्लास. सगळे मला मास्तर म्हणतात. गेल्या तीन आठवड्यांत मात्र मास्तर म्हणताना लोकांच्या डोळ्यांत एक प्रश्न असायचा आणि मी तो बघून न बघितल्यासारखं करत होतो.

झालं होतं असं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या वहिनींचा मुलगा, वय एकोणीस, दुकानाची गाडी घेऊन भरदुपारी निघाला. बरोबर शिंपीदादांचा धाकटा. पाण्याच्या टाकीच्या अलीकडे मैलभर सरळ रस्ता आहे आणि मग पुलापाशी एकदम वळण. पोरगं शंभरच्या वर होतं म्हणे. गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. दोघंही जागच्या जागी गेले. लायसन हातात येऊन नऊ दिवस झाले होते, आणि गाडी शिकला होता तो माझ्याकडे.

उंट म्हणायचो मी त्याला, मग सगळेच म्हणायला लागले. सीटवर बसला की डोकं छताला टेकायचं. "मास्तर, उंट म्हणा नाहीतर जिराफ म्हणा, पण आज चौथा गिअर टाकू द्या," असं हसत हसत म्हणायचा. तोंडाळ होता पण गोड होता. आता काय बोलायचं!

लोकांचं मला नवल वाटत नाही. चहाच्या पहिल्या घोटाला "अरेरे, काय वय होतं हो!" आणि कप खाली ठेवेपर्यंत "पण मी म्हणतो, एवढं उडायची गरजच काय होती?" हळहळ आणि शिव्या एकाच कपात. शिंप्याच्या पोरासाठी हळहळ, उंटासाठी शिव्या, अशी वाटणीही लगेच झाली. एक गेला तो बिचारा, दुसरा गेला तो खुनी. एकाच गाडीत होते, एकाच क्षणी गेले, पण लोकांनी दोघांना दोन टोपल्यांत टाकलं.

आणि मी? मी काही वेगळा नव्हतो. कोणी विचारलं, "तुमच्याकडेच शिकला ना तो?" की मी म्हणायचो, "चालवायला शिकवलं मी. उडायला नाही शिकवलं." वाक्य जमलं होतं. ऐकणारा मान हलवायचा आणि माझी सुटका व्हायची. तीन ठिकाणी तरी मी ते ऐकवलं. लाज वाटते आता, पण ऐकवलं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला वहिनी क्लासमध्ये आल्या. मी उठून उभा राहिलो. त्या बसल्या नाहीत. चेहरा असा, की आठवडाभर कोणी त्यांच्याशी बोललंच नसावं.

"मास्तर, मला गाडीत बसवा," त्या म्हणाल्या. "तो बसायचा त्या सीटवर."

"वहिनी, कशाला उगाच..."

"उगाच नाही. ऐका. पोलीस म्हणाले, रस्त्यावर ब्रेकची खूणच नाही. कठड्यापर्यंत एकसुद्धा नाही. त्यावरून लोक म्हणतात, त्यानं ब्रेक मारलाच नाही, मस्ती होती. शिंपीदादांनाही कोणीतरी हेच सांगितलंय. मी चार वेळा गेले त्यांच्या दारात. उघडत नाहीत. आतून म्हणतात, 'वहिनी, तुमचं दुःख कळतंय, पण तुमचं तोंड बघवत नाही.'" त्यांनी पदराने नाक पुसलं. "तो जोरात गेला, ते मला मान्य आहे. मूर्ख होता. पण समोर कठडा दिसतोय, शेजारी जिवाभावाचा मित्र बसलाय, आणि पाय ब्रेकवर जात नाही? असं कसं होईल? मला तेवढं कळू दे. मग मी कोणाला काही विचारणार नाही."

 असं कसं होईल, ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी स्वतःला म्हटलं, बाईचं मन राखावं, एक फेरी मारून आणावी, झालं.

टाकीच्या रस्त्यापर्यंत गाडी मी नेली. मग त्यांना चालवायला बसवलं आणि मी शेजारी सरकलो. आमच्या गाड्यांत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असतो, मास्तरच्या पायापाशी. शिकाऊ माणूस गडबडला तर आपण दाबायचा. त्या ब्रेकवर माझं पोट चालतं.

वहिनींनी आयुष्यात कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. दोनदा गाडी बंद पाडली. तिसऱ्यांदा निघाली. "धरा सरळ. हां. घाबरू नका," मी म्हणालो. अशी वीस-पंचवीसच्या वेगानं गाडी चालली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. वळण जवळ आलं, गाडी अलगद मंद झाली, मी स्टेअरिंगला एक बोट लावलं आणि आम्ही कठड्याच्या बाजूनं सुखरूप वळून पलीकडे उभे राहिलो. कठड्याचा फुटलेला कोपरा अजून तसाच होता.

वहिनी तिकडे बघत नव्हत्या. त्या खाली बघत होत्या.

"मास्तर, मी पाय लावलाच नाही."

"अं?"

"मला भीती वाटली म्हणून मी दोन्ही पाय मागे ओढून घेतले होते, सीटखाली. हे बघा, अजून तिथंच आहेत. मग गाडी कोणी थांबवली?"

शिकाऊ पोरांना हे कधी कळत नाही. त्यांचा पाय ब्रेकवर असतोच, जरा टेकलेला, त्यामुळे त्यांना वाटतं आपणच थांबवली. आणि माझा पाय म्हणजे लोण्यासारखा. गावभर कौतुक होतं त्याचं. मास्तरांच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही म्हणायचे. कोण पोरांचे गचके सहन करणार दिवसातून नऊ वेळा, या कमरेनं? वळण दिसलं की त्यांच्या आधी मीच दाबायचो. दहा वर्षं तरी असंच चाललं होतं. त्यांना शिकू द्यायला हवं होतं, गचके खाऊ द्यायला हवे होते, हे काय मला माहीत नव्हतं? पण कंटाळा. नुसता कंटाळा हो, दुसरं काही नाही.

"मी थांबवली," मी म्हणालो.

"त्याच्या वेळीही तुम्हीच थांबवायचात?"

"कधी कधी."

"कधी कधी म्हणजे?"

खोटं बोलता आलं असतं. तिथं तिसरं माणूस नव्हतं. पण बाई माझ्याकडे अशी बघत होती, की जीभच रेटेना.

"वळणावर," मी म्हणालो. "नेहमी. वीस दिवस. तो खूश असायचा, म्हणायचा, मास्तर, माझा ब्रेक किती मऊ लागतो बघा! मी म्हणायचो, वा रे पठ्ठ्या. आणि क्लासच्या कार्डावर लिहून दिलं, तयार आहे."

त्यांनी पाय सीटखालून पुढे घेतले. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. मीच बोललो, कारण शांत बसवेना. "म्हणजे त्याच्या पायाला ती सवयच लागली नसणार, वहिनी. वळण आलं की गाडी आपोआप मंद होते, असं त्याच्या अंगाला वाटत असणार. गावातल्या रस्त्यांवर काय, गर्दीतच चालवत होता, खपून गेलं. इथं पहिल्यांदा... पण शंभरच्या वर होता तो! तेवढा वेग मी नाही दिला त्याला."

"नाही," त्या म्हणाल्या. "तो त्याचाच. तेवढा त्याच्या नावावर राहू दे. उरलेलं तुमचं आहे ना?"

"हो."

"मग शिंपीदादांना जाऊन सांगा. माझ्यासाठी दार उघडत नाहीत, तुमच्यासाठी उघडतील. सांगा, पोरानं मुद्दाम नाही केलं. बाकी काही मागत नाही मी."

दुपारी घरी जेवायला बसलो. हिला सगळं सांगितलं. ही कपाळाला हात लावून बसली. "सांगून काय मिळणार आहे? पोरं परत येणार आहेत? उद्या गावभर होईल, मास्तरानंच मारलं म्हणून. एक पोर येणार नाही शिकायला. आ बैल मुझे मार, कशाला?" तिचं काही चूक नव्हतं. मी म्हणालो, "अगं, मला थकवा आलाय." ती म्हणाली, "मग झोपा." म्हटलं, "हा झोपून जाणारा नाही." तेव्हा ती उठली, माझा धुतलेला शर्ट आणून खुर्चीवर टाकला आणि भांडी घासायला निघून गेली.

पाच वाजता शिंपीदादांकडे गेलो. खाली दुकान, वर घर. दुकान तीन आठवडे बंद. वहिनी समोरच्या फुटपाथवर विजेच्या खांबापाशी उभ्या होत्या, मी वर जाताना त्यांनी नुसती मान हलवली.

दार लगेच उघडलं. मलाच कसंतरी झालं. "या मास्तर, बसा," दादा म्हणाले. दाढी वाढलेली, गळ्यात अजून मोजायची टेप, सवयीनं घातलेली असावी. खुर्चीवरचे कपडे बाजूला केले, मला बसवलं. मी बसलो आणि एका दमात सगळं ओकलो. पाय, वळण, कार्ड, सगळं. कुठेही पाणी घातलं नाही. बोलून झाल्यावर वाटलं, आता मारतील, मारू देत.

दादा उठले, आत गेले आणि पाण्याचा तांब्या नि भांडं घेऊन आले.

"घ्या. घाम फुटलाय तुम्हाला."

"दादा, मी काय सांगतोय ते..."

"ऐकलं मी." ते समोर टेकले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही येऊन सांगितलंत, केवढी गोष्ट आहे! कोण सांगतं आजकाल? चुका काय, सगळ्यांच्याच होतात. मी काय कधी कापड वाकडं कापलं नाही?"

"पण त्या पोरानं मुद्दाम नाही केलं, एवढं तरी..."

"मास्तर." त्यांनी हात वर केला. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "मला सकाळी उठवत नाही. डोळे उघडले की आधी तो आठवतो. मग त्या उंटाचा राग येतो. त्या रागावर मी उठतो, तोंड धुतो, हिला चहा करून देतो. तो राग काढून घेऊ नका. आणि तुम्हालाही त्यात घालू नका. एकावर रागवायलाच कसाबसा पुरतोय मी, दुसरा झेपायचा नाही. पाणी प्या."

मी प्यायलो. दुसरं काय करणार होतो? निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "गुडघा जपा, जिना उंच आहे," म्हणाले. तीन आठवड्यांत कोणी माझ्याशी इतकं मायेनं बोललं नव्हतं, आणि मला ते जिन्यावरच थुंकून टाकावंसं वाटत होतं.

खाली वहिनी तशाच उभ्या होत्या.

"दार उघडलं?"

"उघडलं."

"सगळं सांगितलंत?"

"सगळं."

"चिडले तुमच्यावर?"

"नाही. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका." मला त्यांच्याकडे बघवेना. "बसवलं मला. पाणी दिलं."

"आणि त्याच्याबद्दल?"

मी मान हलवली, नाही अशी. त्यांनी वर खिडकीकडे बघितलं. खिडकीत कोणी नव्हतं. रस्त्यावर शाळा सुटलेली पोरं आरडाओरडा करत चालली होती, ती जाईपर्यंत त्या थांबल्या.

"मास्तर, तो वाचला असता," त्या म्हणाल्या, "एकटा वाचला असता, आणि तुमच्यासारखाच वर जाऊन म्हणाला असता, दादा, माझं चुकलं... तर त्यालाही पाणी दिलं असतं का हो त्यांनी?"

"दिलं असतं," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि मग दुकान उघडायची वेळ झाली म्हणून त्या कोपऱ्याच्या दिशेनं चालू लागल्या.