पायावरचा कोट

सत्यभामाबाईंनी दवाखान्याची चादर पायानेच खाली ढकलली.

"कोन कोन निजलेलं आसतंय तिच्यावर, कुनास ठावं. मला नगं."

"धुतलेली हाय, अव्वा."

"धुतल्यानं काय व्हतंय? माझी घोंगडी खोलीवर राह्यली. आता काय करतीस?"

मशीन चालवणाऱ्या पंचशीलाने चादर उचलून कडेला ठेवली. शेकाची, म्हणजे गाठीवर किरण सोडायची, खोली मशीनसाठी गार ठेवावी लागते, आणि बाईंच्या पिंढऱ्या थंडीने लटलट कापत होत्या. गाठ ओटीपोटात. पाय हलले की कंबर हलणार, आणि कंबर हलली की शेक भलतीकडेच बसणार. बाहेर बाकांवर माणसं कण्हत बसलेली. दोघींचं काम ती एकटी ओढत होती, कारण जोडीची मुलगी हैदराबादला निघून गेली होती आणि दवाखान्याला नवी मिळत नव्हती; म्हणजे शोधायचीच नव्हती. पंचशीलाने अंगातला पांढरा कोट काढला आणि बाईंच्या पायांवर घातला.

"ह्यो चालंल का? घरी धुतलाय."

"तुजा व्हय? तुजा चालंल की." म्हातारी पहिल्यांदाच हसली. "हात कसा मऊ हाय गं तुजा. आमच्यातलीच दिसतीस. कुठली म्हनलीस?"

"बिदरची. मैलूरची."

"तरीच."

तरीच म्हणजे काय, ते पंचशीलाने विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि शेक द्यायला जात लागते थोडीच! तिने बाईंच्या ओटीपोटावरच्या निळ्या खुणा नीट जुळवून घेतल्या, बाहेर येऊन जाडजूड दार लावलं आणि आतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसली. कोटाखाली म्हातारीचे पाय अगदी स्वस्थ होते.

दुसऱ्या दिवशीही घोंगडी खोलीवरच राहिली. तिसऱ्या दिवसापासून बाईंनी घोंगडीचं नावच काढलं नाही. मुलगा शिवप्रसाद भालकीकडचं गाव सोडून गुलबर्ग्यात भाड्याच्या खोलीवर आईला घेऊन राहिला होता. तो रोज तिला दारापर्यंत आणायचा, आणि शेक संपला की आत येऊन हाताला धरून न्यायचा. आत मात्र म्हातारीला पंचशीलाच लागायची. जिथे सुनेचाही हात नको वाटावा अशा जागी या मुलीचा हात तिला चालत होता. "लेकीगत करायलीस बघ," असं म्हणून ती डोळे मिटून घ्यायची.

आता त्या कोटाचं. मशीनपाशी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असतो. अंगावर किती किरण पडले ते तो मोजतो, आणि तीन महिन्यांनी तो तपासायला बाहेरगावी जातो. पंचशीलाच्या बॅजची क्लिप कधीचीच तुटली होती. नवी मागितली तर "बघू" म्हणायचे, आणि बॅज हरवला तर खरडपट्टी काढायचे. म्हणून तिने तो कोटाच्या आतल्या बाजूने सेफ्टी पिनेने टाचून टाकला होता. दिसत नव्हता, आणि दिसत नाही ते माणूस विसरतं. शिकलेली पोर, एवढी अक्कल नव्हती का, असं कुणी म्हणेल. म्हणा बापड्यांनो. आधी त्या रांगेसमोर एकटे उभे राहा, मग म्हणा.

म्हातारीचा शेक चालू असतानाच बॅज तपासून आला तो बोंब घेऊनच. एवढे किरण अंगावर पडायचे तर माणूस मशीन चालू असताना खोलीत उभा असायला हवा.

नागेंद्र सरांनी तिला त्याच दिवशी मशीनवरून काढून केसपेपरच्या खिडकीत बसवलं. इतके दिवस न मिळणारी नवी मुलगी तिच्या जागी लगेच मिळाली. किरणांपासून सगळ्यांना जपायची जबाबदारी त्यांची होती. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. ती कोटाचं सांगत गेली तसे ते कपाळ चोळत राहिले.

"अगं, बॅज पेशंटच्या पायावर? रोज?"

"चुकलं माझं, सर. पन ते किरन माझ्या अंगावर न्हाई पडले. बॅजवर पडले."

"मला पटतंय. पण मला पटून काय उपयोग? रक्त तपासायला पाठवू, त्याला महिने जातील, आणि एवढ्याशानं रक्तात काही दिसेलच असंही नाही. आतला कॅमेरा नुसता बघायला आहे, त्यात काही साठत नाही. कुणीतरी सांगायला पाहिजे, की हो, कोट पायावर असायचा."

"अव्वा सांगतील की."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की सरांनाही हायसं वाटलं. त्यांच्या डोक्यावर वेगळंच ओझं होतं. दार उघडताच मशीन बंद करणारं त्या जाड दाराचं स्विच अधूनमधून दगा द्यायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दवाखान्याच्या मालकालाही. दारात दोष निघाला तर मशीन बंद पडणार. पोरीत दोष निघाला तर नुसती पोरगी बंद. मालकाला काय परवडणार होतं ते सांगायला ज्योतिषी नको. आणि पंचशीलाचं नुसतं हे काम जाणार नव्हतं. हैदराबादला जा नाहीतर सोलापूरला, असल्या मशीनवर उभं राहायचं तर आधी बॅजवरचा मागचा आकडा बघतात. तो एकदा खरा ठरला की जन्माचा मागे लागतो. शिकताना हिने रात्रीचे दिवस केले होते. तिच्या घराण्यात अशा मशीनला हात लावणारी ती पहिली. ते सगळं आता एका म्हातारीच्या "व्हय" वर येऊन टेकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेक झाल्यावर सरांनी मायलेकांना आपल्या खोलीत बोलावलं. पंचशीला बाईंना हाताला धरून घेऊन आली. खुर्चीत बसल्यावरही बाईंनी तिचं मनगट सोडलं नाही.

"हिला कामून काढलं वो शेकाच्या खोलीतनं?" बाईंनीच सुरुवात केली. "ती नवी पोरगी हात लावती का धोंडा मारती, काय कळंना."

"त्याचंच विचारायचंय, अव्वा." सर कागद पुढे ओढत म्हणाले. "हे लिहून घ्यावं लागतं. तर ही पंचशीला धम्मानंद..."

या मुलखात ते नाव ऐकलं की बाकीचं विचारावं लागत नाही. मुलीचंही नाव बौद्धाघरचं, बापाचंही.

पंचशीलाच्या मनगटावरचा हात सैल झाला. मग तो उचलला गेला आणि पदराखाली गेला.

"...हिचा पांढरा कोट तुमच्या पायांवर असायचा का, शेक घेताना?"

"कुनाचा कोट?"

"हिचा. पंचशीलाचा."

"न्हाई बा." बाई भिंतीकडे बघत होत्या. "मी दवाखान्याची चादर घेत न्हाई, तर दुसऱ्याच्या अंगातलं कापड घेईन व्हय? इचारा माझ्या लेकाला. घरात माझा तांब्यासुदीक येगळा हाय."

सरांनी शिवप्रसादकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"मी भाईर आसतो, सर. मला काय दिसलं न्हाई."

पंचशीला खाली बसली, म्हातारीच्या गुडघ्यांपाशी.

"अव्वा, माझ्याकडं बघून सांगा. माझी रोजी हाय ही. माझं सगळं हाय. रोज तुमचं पाय मी झाकले का न्हाई?"

म्हातारीने पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही होता, जणू हिनेच तिला फसवलं होतं.

"तू आदी सांगायचं हुतंस गं, पोरी."

"काय सांगायचं हुतं, अव्वा?"

बाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि पंचशीलाला अंग लागणार नाही अशा बेताने त्या उठल्या. लेकाच्या आधाराने बाहेर गेल्या.

"ऐकलं न्हवं, सर?" पंचशीला उभी राहिली. "आदी सांगायचं हुतं म्हनल्या. म्हंजे काय? ते लिवा की."

"त्यांनी नाही म्हटलंय."

"तुमाला कळलं न्हाई व्हय, कामून न्हाई म्हनल्या ते?"

नागेंद्र सरांना कळलं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. वर बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

"संध्याकाळी सही करून जा," ते म्हणाले. "निष्काळजीपणा एवढंच लिहितोय. जास्त काही नाही."

एवढंच! जीव घेऊन वर म्हणायचं, जास्त काही नाही.

ती फाटकापाशी मोकळ्या हवेत येऊन उभी राहिली. पाठीमागून चपला वाजल्या. शिवप्रसाद होता. म्हातारीला रिक्षात बसवून परत आला होता.

"ताई."

ती वळली नाही.

"मला ठावं हाय, ताई. आत न्यायला यायचो तवा रोज दिसायचा तुमचा कोट, मायच्या पायावर."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"तिच्या तोंडावर तिला खोटं पाडू का?" तो हात चोळू लागला. "असला रोग झालेलं मानूस काय ऱ्हातंय का, ताई? चार दिसाची पावनी हाय ती. जन्मभर सोवळं पाळलं, आता मरताना तिला इटाळाचं भ्याव कशाला घालायचं? लेकरू म्हनून माझं बी काय कर्तव्य हाय का न्हाई? तुमी शिकलेल्या हाव, तुमाला कुठं बी काम मिळंल. तुमच्या बिदरपाशी, कोळारला एका कारखान्यात माझ्या वळखीचा मानूस हाय. मी शब्द टाकतो. खरंच टाकतो."

पंचशीला आता वळली. त्याच्याकडे तिने नीट पाहिलं. माणूस खरंच दुःखी होता, आईसाठी.

"डॉक्टरीणबाईंना इचारलं का तुमी, माय कशी हाय म्हनून?"

"धाडस झालं न्हाई, ताई. काय सांगतील आन काय न्हाई."

"सकाळीच तपासलंय त्यांनी. केसपेपर माझ्याच खिडकीत आला." ती सावकाश बोलत होती. "गाठ पार इरघळलीय, भाऊ. ऱ्हायलेला शेक पुरा केला की झालं. तुमची माय चार दिसाची न्हाई. लई वर्सं जगंल ती."

शिवप्रसादचा चेहरा आधी कोरा झाला, आणि मग असा उजळला की पंचशीलाला बघवेना. हात आपोआप जोडले गेले.

"खरं म्हनता?"

"खरं. आता चला आत. सर हायत अजून. कागद बी तसाच हाय."

जोडलेले हात तसेच राहिले. त्याने दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रस्त्यावरून म्हातारीची हाक आली, उन्हात किती येळ बसवतूस म्हणून.

"आलो, माय!"

तो पळतच गेला. रिक्षा निघाली तरी त्याचा आवाज ऐकू येत होता, आईला गाठीचं तेच तेच पुन्हा सांगताना.