अम्मांचा उजवा हात

मंगळवारी सकाळी अम्मांचा डावा पाय कागदाचा झाला आणि शुक्रवारपर्यंत त्या गळ्यापर्यंत कागद झाल्या. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, हिंदीतल्या मोठ्या कवयित्री. जबलपुरात रिक्षावालेसुद्धा त्यांच्या ओळी म्हणतात. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा मला धड हिंदी येत नव्हतं, म्हणून त्याच मराठी शिकल्या. कवितेत मात्र मी कुठेच नाही. नर्मदा आहे, चिंच आहे, शेजारच्यांची म्हैससुद्धा आहे! बावीस वर्षं हे मनाला लागून राहिलंय, उगाच कशाला खोटं बोलू?

कागदावर त्यांच्या सगळ्या कविता उमटल्या होत्या. विद्यापीठातले दुबेसर रोज येऊन उतरवून घेत. पोटावरच्या बाळंतपणाच्या कविता मी वाचून दाखवल्या, सर पडद्याआड बसून लिहीत होते. लाज म्हणून काही असते की नाही!

उजवा हात तेवढा हातच राहिला होता, कारण मी तो ओला ठेवत होते. सकाळी कणीक मळायला द्यायची, दुपारी डाळ धुवायला. ओल्या कातडीचा कागद होत नाही, हे मला बुधवारीच कळलं होतं. संध्याकाळी त्याच हाताने त्या माझ्या डोक्याला तेल लावत.

"शेवटची कविता त्या हातावर आहे," दुबेसर म्हणाले. "वाळू द्या."

"नाही देणार. अकरा पुस्तकं झाली की. अजून किती?"

"बहू," अम्मा म्हणाल्या, "हात पूस."

"आणि मला तेल कोण लावणार?"

अम्मा हसल्या. गळ्याशी कागद सळसळला. "ती कविता तुझी आहे गं. इतकी वर्षं पाण्यातच राहिली. पूस."

मला मेलं रडूच फुटलं. पदराने पुसायला लागले. मनगटावर माझं नाव उमटलं, वृंदा. तळहातावर मी करपवलेली पहिली पोळी आली, न्हाणीघरात लपून रडलेली दुपार आली. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! मग अंगठा, मग एकेक बोट. मी रडत रडत वाचत होते, सर भराभर लिहीत होते.

करंगळी उरली. ती मी मुठीत धरली.

"शेवटची ओळ?" दुबेसरांनी विचारलं.

अम्मांना विचारावं म्हणून वर पाहिलं, तर त्यांचे ओठ कागदाचे झाले होते, कोरे. मुठीत करंगळी अजून गरम होती, आणि माझ्या तळव्याला घाम सुटला होता.