कासवांवर झाकलेलं डालं

मी कोंबड्यांचं डालं. बोलायची मला सवय नाही, कारण आजवर जो काही आवाज व्हायचा तो माझ्या पोटातल्या कोंबड्यांचा. वसईतल्या एव्हरशाईन सिटीच्या इमारतींमधून येणाऱ्या पोरांनी माझ्यासारखं काही पाहिलेलं नसतं, म्हणून आधी रूप सांगतो. बांबूच्या कामट्यांची मोठी उपडी टोपली समजा. खाली सगळं उघडं, वर हात जाईल एवढं भोक. संध्याकाळी कोंबड्या आत घालायच्या आणि वर दगड ठेवायचा. मग मुंगूस आणि कुत्री बाहेर फिरत बसतात.

मला विणलं वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका म्हाताऱ्याने. तो खोकायचा आणि प्रत्येक कामटीला एक शिवी हासडायचा, पण वीण अशी घट्ट घातली की नऊ वर्षं झाली तरी मी अजून उभा आहे. बाजारात पुष्कळ बायकांनी मला हाताळलं आणि ठेवून दिलं. भुईगावच्या जिजाने मला उपडं केलं, गुडघ्याने दाबलं, पुन्हा दाबलं आणि सरळ डोक्यावर घेतलं.

जिजाची वाडी समुद्राला लागून आहे. केळी, थोडी जास्वंद, मग कुंपण, पलीकडे सुरूची झाडं आणि त्यापुढे वाळू. जिजाचं वय साठीच्या पुढचं. गावात तिचं नाव झालं ते अंड्यांमुळे. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसू लागली, की लोक अंडी घेऊन तिच्याकडे येत. पार माणिकपूरहून रिक्षा करून आलेली माणसं मी पाहिली आहेत. ती अंडं उन्हाकडे धरून सांगे, हे भरेल, हे नाही. कोंबडी दिवसातून कितीदा तरी चोचीने अंडी फिरवते, तेव्हाच सगळीकडे सारखी ऊब लागते. एखादी आळशी निघाली तर जिजा माझ्या भोकातून हात घालून स्वतः अंडी फिरवायची. तिने बसवलेली अंडी सहसा वाया गेली नाहीत, आणि हे ती कुणालाही विसरू देत नसे.

गेल्या वर्षी जानेवारीत, एका सकाळी शेजारचा ऑस्टिन कुंपणापाशी धापा टाकत आला. ऑस्टिन देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, मिस्साला जाण्याआधी रोज किनाऱ्यावर चालतो.

"जिजाबाय, डालं दे तुझं! कासव येऊन गेलं. अंडी हायत, आनि कुत्री वास घेत फिरतात."

जिजाने कोंबड्यांना हुसकलं आणि मला काखेत मारून वाळूवर पळाली. तिच्या त्या वयात ती इतकी पळेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या कोंबड्या त्या दिवसापासून सुनेने आणलेल्या प्लास्टिकच्या क्रेटखाली झोपतात. त्यावर मी काही बोलत नाही.

तासाभरात उन्नती आली. ही एव्हरशाईन सिटीत राहणारी मुलगी, कासवांवर शिकलेली, वन विभागासाठी किनाऱ्याच्या नोंदी ठेवते. घरटं भरतीचं पाणी पोचेल अशा जागी होतं. तिने अंडी एकेक करून, होती तशीच धरून वर सुरूच्या झाडांजवळ आणली आणि तेवढाच खोल खड्डा करून त्यात ठेवली. एकशे नऊ. कोंबडीच्या अंड्यासारखी लांबट नव्हेत, गोल, पांढरी, बोटाने दाबलं तर दबणारी. भोवती हिरव्या जाळीचं कुंपण घातलं, त्याच्या दाराला कुलूप लावलं आणि अंड्यांवर मी. माझ्या कामट्यांमधून पिल्लू निसटेल म्हणून तिने माझ्याभोवती बारीक जाळी गुंडाळली. ती पहिले काही दिवस मला फार खाजली.

"काकू, तुमचं घर सगळ्यात जवळ आहे ना, मग चावी तुमच्याकडे आणि ऑस्टिनकाकांकडे. फक्त लक्ष ठेवायचं. खोदायचं नाही, हात लावायचा नाही, ओके?"

"ओके," जिजा म्हणाली. का लावायचा नाही हे उन्नतीने सांगितलं नाही आणि जिजाने विचारलं नाही. अंड्यांबद्दल कुणाला काही विचारायची वेळ तिच्यावर तोपर्यंत आलीच नव्हती.

या घरट्यावर बरंच काही अवलंबून होतं, ते मला नंतरच्या बोलण्यातून कळलं. घरट्याच्या दोन्ही बाजूंना मिळून दोनशे मीटर वाळू दोरी लावून राखायची, असं वन विभागाने ठरवलं होतं. त्या पट्ट्यात गाड्या नाहीत, शेकोटी नाही, मोठे दिवे नाहीत. गावातल्या काहींना हे पसंत नव्हतं, कारण रविवारी पर्यटक तिथेच गाड्या लावत आणि गाड्या असतील तिथे भजीचा गाडा चाले. शेवटी एक वर्ष करून बघू, यावर सगळे थांबले. पिल्लं नीट निघाली तर पट्टा कायमचा राखायचा. नाही निघाली तर दोरी सोडायची, आणि पुढे इथे कासव आलंच तर अंडी उचलून दुसऱ्या तालुक्यात न्यायची.

जिजा पट्ट्याच्या बाजूची. एकदा एक जीपवाला दोरी ओलांडून आत आला, तेव्हा ती केळी कापायचा कोयता तसाच हातात घेऊन गेली होती. त्याला ती फक्त "बाबा, मागे घे" एवढंच म्हणाली, पण त्याने फार पटकन मागे घेतली.

बारा-तेरा दिवस झाले असतील. थंडी वाढली. सकाळी वाळू इतकी गार असे की जिजा पाय उचलत चाले. रोज येऊन ती माझ्यावर हात ठेवी, कुंपणाशी बसे आणि स्वतःशी बोले. "टाकून गेली बघ. इतकी अंडी घातली आनि गेली पान्यात. यांना कोन फिरवनार?"

मग रविवार आला. ऑस्टिन मिस्साला गेला होता. जिजाने कुलूप काढलं, मला बाजूला ठेवलं आणि हातांनी वाळू उकरली. घाईत नाही, अगदी हळू. वरची अंडी लागली तशी एकेक फिरवत गेली. साठापर्यंत तिने मोजली, मग ऑस्टिनची चाहूल लागली असं वाटून वाळू लोटली आणि मला परत ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. हात झटकत ती म्हणाली, "आता बरं वाटंल पोरांना." मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो. मी कोंबड्यांचं डालं. मला तरी दुसरं काय ठाऊक असणार?

फेब्रुवारीत उन्नतीने एका शाळेच्या मुलांना आणलं. एकाने मला बघून विचारलं, "ये मुर्गी का टोकरा इधर क्यों है?" सगळे हसले. जिजाही हसली. मग उन्नती माहिती सांगू लागली. कासवाने अंडं घातल्यावर काही तासांतच आतला जीव वरच्या बाजूला कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं केलं तर तो सुटतो आणि मरतो. "म्हणून आपण हात लावत नाही. कोंबडीचं वेगळं, कासवाचं वेगळं."

जिजा माझ्याजवळच उभी होती. तिने माझी कड धरली. इतकी आवळून धरली की एक कामटी कडकन मोडली. मुलं गेली, उन्नती गेली, ऑस्टिनने दोनदा हाक मारली तरी ती हलली नाही.

पुढचे वीस-बावीस दिवस वाईट गेले. ती रोज यायची, पण माझ्यावर हात ठेवत नव्हती. पदराखाली हात घेऊन बसायची. गावातून कुणी अंडी घेऊन आलं तर सुनेला सांगून परत पाठवायची. ऑस्टिनला वाटलं, तिला ताप आहे. मला तिचा राग आला होता, आणि तिची दयाही येत होती. बोल ना बाई, असं सारखं वाटायचं. बोलली तर नाव जाणार, हे मलाही दिसत होतं. तिच्यापाशी त्या नावाशिवाय मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला घरट्यावरची वाळू खचली. पिल्लं वर येऊ लागली की तसं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ऑस्टिनने मला उचललं. खाली काळपट, ओलसर पिल्लं, एकमेकांवर चढणारी. कोंबडीचं पिल्लू बाहेर आलं की आईला हाक मारतं. ही कुणालाही हाक मारत नव्हती, नुसती पाण्याकडे तोंड करून हातपाय मारत होती. दोन दिवसांत मिळून एक्केचाळीस समुद्रात गेली. शेवटचं लाटेत शिरलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिजा पाठ फिरवून रडत होती. लोकांना ते आनंदाचे अश्रू वाटले.

चार दिवसांनी वन विभागाचे साहेब आले. गावातली दहा-पंधरा माणसं जमली, भजीच्या गाड्याचे मालकही होते. उन्नतीने घरटं उघडलं. अडुसष्ट अंडी तशीच राहिलेली, आणि जवळजवळ सगळी वरच्या थरातली. वास सुटला. साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

"निम्मीसुद्धा नाही निघाली," ते म्हणाले. "वरची वाळू गार पडत असणार. किनारा योग्य दिसत नाही. पुढच्या वर्षी अंडी हलवू, पट्ट्याची गरज राहणार नाही."

मागे कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला. उन्नती पाय घट्ट रोवून उभी होती, तरी हातातली वही तिने उघडली. ती वहीत लिहायला लागली: वाळूचे तापमान.

"ते लिहू नको," जिजा म्हणाली.

सगळे वळले. ती पुढे आली. पदराखालचे हात तिने बाहेर काढले.

"वाळूचा दोष नाय. थंडीचा नाय. मी फिरवली. रविवारी, ऑस्टिन देवळात होता तवा. साठ मोजली मी. कोंबडीची फिरवतात तशी फिरवली. ही मी मारली."

ज्या बाईच्या हातावर पंचक्रोशी अंडी सोपवत होती, तिच्या तोंडून हे ऐकायची कुणाची तयारी नव्हती. ऑस्टिनने छातीवर क्रूसाची खूण केली. एक म्हातारी पुटपुटली, "अगं जिजा..." आणि थांबली.

"का सांगितलं नाही आधी?" साहेबांनी विचारलं.

"लाज वाटली," जिजा म्हणाली. "माझ्या लाजंपायी किनाऱ्याला नाव नका ठेवू."

उन्नतीचा चेहरा लाल झाला होता. ती रागावली होती आणि तो राग तिने लपवला नाही. मग म्हणाली, "कारण सांगायला हवं होतं मी. नुसतं 'हात लावू नका' म्हटलं." तिने लिहिलेली ओळ खोडली आणि हिशेब मांडला: न फिरवलेली एकोणपन्नास, त्यातून निघाली एक्केचाळीस. साहेबांनी रुमाल खाली घेतला आणि तो आकडा दोनदा वाचला. दोरी राहिली.

हे सगळं गेल्या वर्षीचं. यंदा दोन घरटी आहेत. एकावर वन विभागाची नवी टोपली, दुसऱ्यावर मी. खारं वारं मला खातंय, कामट्या काळ्या पडल्यात, मोडलेल्या कामटीच्या जागी ऑस्टिनने सुतळी बांधली आहे. पुढच्या वर्षी असेन की नाही, सांगता येत नाही.

अंडी घेऊन आता जिजाकडे कुणी येत नाही. ती मात्र रोज इथे येते. सुट्टीच्या दिवशी बाहेरची माणसं जमतात, फोन काढतात, किती क्यूट म्हणतात. उन्नती सुरुवात करण्याआधी जिजा पुढे होते. "मी जिजा. पयल्या वर्षी यांतली साठ मी माझ्या हाताने मारली. म्हनून आता ही पोरगी सांगते ते नीट ऐका." लोक फोन खाली करतात आणि नीट ऐकतात. खोदणं सोडाच, दोरीलासुद्धा कुणी हात लावत नाही.

एवढं करूनही ती मला शिवत नाही. झाकायचं असो की उचलायचं, ऑस्टिनच करतो. उन्नतीने दोनदा सांगून पाहिलं. ती म्हणते, माझे हात नको.

आज सकाळी माझ्याखालची वाळू दोन बोटं खचली आहे. खाली हालचाल आहे, मला जाणवते. उद्या साडेसहाला तुम्ही सगळे याल. ऑस्टिन, माझं एवढं ऐक. तुझी कंबर धरली म्हण, खांद्यात चमक भरली म्हण, काहीही म्हण. मला उचलायचं काम जिजावरच सोड.