माझा डावा रकाना

मी एक फॉर्म बोलतोय. अर्ज नव्हे. अर्जाला निदान एखाद्या साहेबाच्या टेबलावर पडून राहण्याचा मान असतो, त्यावर शिक्का बसतो, हरवला तर कोणीतरी शोधतं. मी नुसता फॉर्म, दोन रकान्यांचा. डावीकडे ‘माझी बलस्थाने’, उजवीकडे ‘माझ्या उणिवा’ आणि तळाला उरलेल्या चार बोटं जागेत ‘यावरून मी निवडलेला मार्ग’. माणसाच्या उभ्या आयुष्याला चार बोटं जागा पुरते, असं मला तयार करणाऱ्याला वाटलं असावं.

माझा जन्म खारघरचा. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शंभर भावंडांबरोबर मी बाहेर पडलो. मूळ प्रत कुठे होती कोण जाणे. मी प्रतीच्या प्रतीची प्रत. मशीनची काच पुसण्याची त्या दुकानात पद्धत नव्हती. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या उजव्या रकान्यात एक काळा ठिपका उमटला. म्हणजे नाव लिहायच्या आधीच प्रत्येकाच्या खात्यात एक उणीव जमा.

आम्हाला घेऊन गेल्या गीतांजली मॅडम. दहावीचा निकाल लागला की मुलांना पुढचा मार्ग दाखवणं हा त्यांचा व्यवसाय. घणसोलीच्या एका शाळेत त्यांचं शिबिर होतं. त्या म्हणाल्या, “मुलांनो, आधी स्वतःला ओळखा, मग मार्ग निवडा. उलटं केलंत तर फसाल. कोणाला विचारू नका, खरं तेच लिहा आणि शनिवारी फॉर्म भरून आणा.” मला अभिमान वाटला. इतकं शहाणपणाचं काम आपल्याकडे आलंय! मुलांनी त्यातलं ‘शनिवारी फॉर्म भरून आणा’ एवढं लक्षात ठेवलं.

मी वाट्याला आलो तळवलीच्या स्नेहलच्या. तिच्या वडिलांची, धर्मराजशेठची, गावात चार मजली इमारत. तळमजल्यावर घरची माणसं, वर बावीस भाडेकरू. जिन्याखाली पंपाची खोली. त्या खोलीत आठ व्हॉल्व्ह, आणि कुठला कुठे जातो हे इमारतीत एकट्या स्नेहलला माहीत. सातवीत असल्यापासून पाणी तीच सोडते. धर्मराजशेठ इमारतीचे मालक असले तरी व्हॉल्व्हशी त्यांची ओळख नव्हती.

‘कोणाला विचारू नका’ असं सांगितलं होतं म्हणून मला त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ठेवण्यात आलं. उणिवांचा रकाना बघताच घरात उत्साह संचारला.

“लिव, सकाली उठत नाय,” गोजराआत्या म्हणाली. ही शेठांची थोरली बहीण, घरातला शेवटचा शब्द तिचा.

“मोबाइल,” आई म्हणाली.

“इंग्लिश कच्चं,” शेठ म्हणाले. “आनि तोंड. लई उलटं बोलते.”

“आत्या, हे माझं मला लिहायचंय.”

“तुला काय ठावं तुझं? आमी सोला वर्षं बघतो हाय.”

दहा मिनिटांत माझा उजवा रकाना ओसंडला. समासातसुद्धा दोन उणिवा आडव्या लिहाव्या लागल्या. मग स्नेहलनं पेन डावीकडे नेलं. “आता हे. माझ्यात चांगलं काय आहे?”

आई ताटं गोळा करायला लागली.

“आपलं चांगलं आपनच लिवायचं?” आत्या म्हणाली. “लाज नाय वाटत? नजर लागंल.”

“चांगली असशील तर लोक बोलतील ना,” शेठांनी निकाल दिला. मी मनात म्हटलं, शेठ, लोकांना फॉर्म दिलेला नाही.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून पुतळाबाईंची हाक आली. या साताऱ्याकडच्या, पंधरा वर्षांच्या जुन्या भाडेकरू. “स्नेहल! अगं पाणी येईना की वर!”

स्नेहलनं क्षणभर कान दिला. खाली मोटर चालू होती. “मोटरनं हवा धरलीय,” ती म्हणाली आणि पाना घेऊन गेली. वीस मिनिटांनी परतली तेव्हा वर नळ वाहत होते. “पाइपच्या तळाशी, फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला. काढला, डबाभर पाणी ओतलं, मग खेचलं मोटरनं.” हे कोणी ऐकलं नाही. ती मला पुढे ओढायला गेली आणि अंगठ्याचं काळं ग्रीस माझ्या डाव्या रकान्यात उमटलं. पूर्ण ठसा, रेघान्‌रेघ.

“घान केलास ना कागद?” शेठ म्हणाले. “उजवीकडं लिव, वेंधली.”

तिनं लिहिलं.

मी कधीकधी विचार करतो, त्या टेबलाशी तेव्हा तीन माणसं बसली होती आणि उत्तर नुकतंच हात पुसत खुर्चीवर बसलं होतं. पण आपल्याकडे घरात करतात ते काम, आणि बाहेर सांगता येतो तो गुण. व्हॉल्व्ह कामात मोडत होता.

शुक्रवारी मैत्रीण आली, प्राची, पलीकडच्या टॉवरमधली. माझा डावा रकाना बघून ती हसलीच. “कोरा? अगं टेन्शन काय घेतेस, ग्रुपवर आलंय ना तयार. आत्मविश्वास, संवादकौशल्य, नेतृत्वगुण, टीमवर्क. टाक. सगळ्यांनी हेच टाकलंय.”

“पण मला इंग्लिशमध्ये दोन वाक्यं बोलता येत नाहीत.”

“ते उजवीकडे आहे ना? मग डावीकडे कशाला आणतेस?”

स्नेहलनं बराच वेळ पेन धरून ठेवलं. आणि मग ‘संवादकौशल्य’ हा शब्द नेमका त्या अंगठ्याच्या ठशावर लिहिला. घरच्यांवर मी रागावलो होतो, तेवढाच त्या क्षणी तिच्यावरही रागावलो. बाकीच्यांनी तिला ओळखलं नाही. तिनं तर ओळखूनही लपवलं.

शनिवारी मॅडमसमोर चौऱ्याण्णव फॉर्म होते. प्रत्येकाला तीन मिनिटं. चौऱ्याण्णव मुलं एकाच वेळी नेतृत्व करणारी निघाली. मागून चालायला गावात कोणी उरलं नव्हतं. मॅडमना याचं नवल वाटलं नाही.

“वा, संवादकौशल्य! आणि तुमच्याकडे आता नवी मुंबईचा विमानतळ. अकरावी कॉमर्स कर, मग एअरपोर्टचा कोर्स. छान सूट होईल तुला.”

धर्मराजशेठ खूश झाले, कारण त्यांचं हेच ठरलं होतं. उलव्याच्या मेव्हण्यानं महिन्यापूर्वीच सांगितलं होतं की आता जो तो एअरपोर्टला. मार्ग आधी ठरला, फॉर्म मागून भरला. फसाल म्हणणाऱ्या मॅडमनीच त्यावर सही केली.

“आणि हा डाग कसला?” त्यांनी विचारलं.

“मोटरचं ग्रीस, मॅडम.”

“महत्त्वाचे कागद स्वच्छ ठेवावेत.”

मला ओरडून सांगावंसं वाटलं. बाई, अजून एक प्रश्न! कुठली मोटर, एवढंच विचारा! तेव्हा स्नेहलच पुटपुटली, “मॅडम, पॉलिटेक्निकला ते मेकॅनिकल असतं ना…”

मॅडमनी माझ्यावरून पुन्हा नजर फिरवली. “पण तुझ्या फॉर्ममध्ये तसं काहीच दिसत नाही.”

आणि हे खरं होतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी नामुष्की तीच.

अकरावी कॉमर्स सुरू झालं. मी फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीखाली गेलो. पण आता स्नेहल दुपारपर्यंत घरी नसायची आणि आत्या तिला तासागणिक फोन करायची, चौथ्याला पानी नाय, दुसऱ्याला थांबत नाय. तिसऱ्या दिवशी स्नेहलनं मला बरणीखालून ओढलं, पालथं केलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर पट्टीनं नकाशा काढला. आठ व्हॉल्व्ह, बाण, टाकी, मोटर. बाजूला बारीक अक्षरात सूचना: ‘तिसऱ्याचा अर्धाच उघडा, पूर्ण उघडला तर चौथ्याला जात नाही. मोटरचा आवाज बदलला तर आधी बंद करा, मग मला फोन करा.’ खाडाखोड नाही, कोणाला विचारणं नाही. मग कणकेची खळ करून तिनं मला पंपाच्या खोलीत भिंतीला चिकटवलं. तोंड भिंतीकडे, पाठ जगाकडे.

म्हणजे आता आत्मविश्वास, नेतृत्वगुण, आळस, उलटं तोंड हे सगळं मी आणि भिंत मिळून वाचतो. आणि माझ्या डाव्या रकान्यात जे हवं होतं, ते माझ्या पाठीवर आहे.

परवा ती इथेच उभी राहून प्राचीशी फोनवर बोलत होती. “पॉलिटेक्निकची शेवटची फेरी आहे, शुक्रवारपर्यंत. जागा आहेत गं. पण बाबांना कोण सांगणार? म्हणतील, फॉर्मवर तूच लिहिलंस ना.” तेही खरंच.

आज सकाळी मोटर चालू, आणि तिसरा मजला कोरडा. स्नेहल वर्गात, फोन बंद. पुतळाबाई वरून ओरडतायत. शेवटी धर्मराजशेठ स्वतः आले. चष्मा लावला. माझ्या पाठीवर बोट ठेवून एकेक बाण वाचत गेले, शाळेतल्या पोरासारखे, ओठ हलवत. एक व्हॉल्व्ह बंद केला, दुसरा अर्धा फिरवला. थांबले. वर नळाला खोकला आला आणि धार लागली.

“आलं, आलं!” पुतळाबाई वरून म्हणाल्या. “स्नेहल आली का हो?”

शेठांचा तळहात माझ्या पाठीवर तसाच होता. मग हळूच म्हणाले, “डोक्याची हाय पोर. आपल्याला जमलं नसतं हे.” आणि कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं.

सोळा वर्षांत डाव्या रकान्यासाठी आलेली ही पहिली नोंद. ती त्यांनी पंपाला सांगितली.

दुपारी स्नेहल आली, तेव्हा त्यांचा आवाज मला इथवर ऐकू आला. मी कानात प्राण आणले. “ते कागदावरचं अक्षर,” ते म्हणाले, “जरा मोठं काढायचं होतंस.”

“हो बाबा,” ती म्हणाली.

शेठ, मी कागद आहे. माझं तोंड भिंतीला चिकटलंय, तुम्हीच चिकटवू दिलंत. तुमची साक्ष द्यायला मला फिरता येत नाही, आणि फिरलो तरी समोर ‘संवादकौशल्य’च दिसेल. सकाळी जे पंपाला बोललात, तेवढंच तिला बोला. लाजू नका, नजर लागत नाही. लागायची ती न बोलल्यानेच लागलीय. ही खोली ते तुमचं दार, अकरा पावलं आहेत. ती रोज जाते, मी मोजतो.

आज बुधवार आहे.