शेराच्या कुंपणापलीकडचा दीर

कुंडूची शवपेटी अंगणात मांडवाखाली ठेवली होती, पण त्याच्या बायकोचे, नासाम्बूचे, डोळे सारखे शेराच्या, त्या चिकाच्या झुडपांच्या, कुंपणाकडे जात होते. कुंपणापलीकडे तिचा धाकटा दीर वेचुली सकाळपासून उभा होता. येतही नव्हता, जातही नव्हता. बसली की उठावंसं वाटे, उठली की बायका हाताला धरून पुन्हा बसवत.

इकडची रीत अशी, की मेलेल्याशी ज्याचं भांडण असेल त्याने पेटीसमोर यायचं, भांडणाचं कारण सगळ्यांदेखत मोठ्याने सांगायचं, 'सोडलं' म्हणायचं आणि मगच माती टाकायची. सख्खा भाऊ तसं न करता राहिला, तर वैर मुलांच्या वाट्याला येतं. त्या दोन घरांत पुढे ना लग्नाचं जेवण एकत्र, ना मयताचं. नासाम्बूची तीन मुलं, वेचुलीची चार. आज सातही जणांना आपापल्या आयांनी आपापल्या बाजूला दाबून धरलं होतं.

आणि भांडण कशावरून, तर गव्हर्नरकीच्या निवडणुकीवरून. पाच वर्षांपूर्वी कुंडू सिताटीच्या बाजूचा, वेचुली मुखवानाच्या. दोघा पुढाऱ्यांचं साप-मुंगसाचं वैर. सिताटीच्या माणसांनी वेचुलीची चहाची टपरी जाळली, तेव्हा कुंडू त्या घोळक्यात होता. काडी त्याने लावली नाही, पण विझवायलाही गेला नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने दोन घरांच्या मधे शेर लावला. मतं फुटली, दोघेही पडले, तिसराच निवडून आला. पुढारी आपापल्या बंगल्यात गेले, इथे शेर पुरुषभर वाढला.

दुपारी गाड्यांचा धुरळा दिसला. इकडे माती शनिवारीच द्यायची, आणि पुढाऱ्यांना अशी मयतं म्हणजे पर्वणीच. माणसं आयती जमलेली, मांडवाचा खर्च दुसऱ्याचा. पहिल्या गाडीतून सिताटी उतरला आणि त्याच गाडीतून, त्याच्या पाठोपाठ, मुखवाना. मांडवात एकदम कुजबुज झाली. म्हाताऱ्या बायका तर डोळे चोळून बघू लागल्या.

सिताटीने माईक घेतला. कुंडूचं नाव एकदा घेऊन झालं, मग एकीच्या गोष्टी सुरू झाल्या. मागच्या खेपेला आपण भांडलो आणि लोणी भलत्यानेच खाल्लं. आता एकच तिकीट, तो गव्हर्नर आणि मुखवाना त्याचा उप. मुखवानाने मग अर्धा तास सिताटीचे गुण गायले. पाच वर्षांपूर्वी ह्याच तोंडाने त्याने त्याला चोर म्हटलं होतं, पण तोंडाला काय, हाड नसतं. शेवटी पेटीच्या वरूनच दोघांनी गळामिठी मारली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नासाम्बूला राग आला. सहा आठवडे कुंडू दवाखान्यात पडून होता आणि सख्खा भाऊ कसा आहेस म्हणून विचारायला आला नाही, ते ह्या दोघांपायी.

पुढाऱ्यांना घाई होती, पुढच्या गावात आणखी एक मयत होतं. नासाम्बू उठली आणि गाडीच्या दाराशी आडवी उभी राहिली.

"माझा दीर तिथं उभा आहे," ती म्हणाली. "त्याला आत आणा, मग जा."

"ताई, माणूस पाठवतो ना," सिताटी म्हणाला.

"टपरी जाळायला माणसं पाठवून झाली. समेटाला तरी स्वतः जा. दोघंही."

सगळा मांडव बघत होता, नाही म्हणायची सोय नव्हती. दोघे चकचकीत बूट सांभाळत, शेण चुकवत कुंपणापाशी गेले. काय बोलणं झालं ते इकडे ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा सिताटीचं तोंड उतरलं होतं.

"येतो म्हणाला," तो पुटपुटला. "पण आम्ही गेल्यावर."

"मग निघा," नासाम्बू म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

गाड्या गेल्या आणि त्यांच्यामागे अर्धा मांडवही गेला. मागच्या गाडीतून टोप्या वाटणार होते म्हणे. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून नासाम्बूला रडू आलं, आणि त्याच वेळी शेर मोडल्याचा आवाज झाला. वेचुली कुंपणातून अंग चोरत येत होता. बाह्यांवर शेराचा पांढरा चीक लागला होता. तो पेटीसमोर येऊन उभा राहिला.

मासिंदे म्हातारा पुढे झाला. गावात हे विधी तोच करी. "सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल," तो म्हणाला. "भांडणाचं कारण काय होतं?"

रस्त्यावरचा धुरळा अजून खाली बसला नव्हता. तिकडे बघत वेचुली म्हणाला, "कारण आत्ताच एका गाडीत बसून गेलं, बाबा."

म्हाताऱ्याने मातीकडे बोट केलं. नासाम्बूने वाकून मूठभर माती उचलली आणि दिराच्या हातात दिली. त्याने ती टाकली नाही. मूठ तशीच धरून तो गुडघ्यांवर बसला आणि पेटीला कपाळ टेकलं.

"सोडलं," तो म्हणाला. "पाच वर्षं रे, दादा. पाच वर्षं."